जोतं नसलेली घरं

चावडीसमोरचा गाळाचा ढीग गुडघ्याच्या वर गेला होता, तरी बाया टोपल्या घेऊन येतच होत्या. कोणी भांडत नव्हतं, घोषणाही देत नव्हतं. बाई येई, डोक्यावरची टोपली ढिगावर ओती, ओट्यावर बसलेल्या साहेबाकडे एकदा बघे आणि पुन्हा घराकडे वळे. घरातला उपसलेला गाळ आज उकिरड्यावर न टाकता चावडीपुढे टाकायचा, एवढंच गावाने सकाळी ठरवलं होतं.

गोमाईला पूर आला तेव्हा ज्वारी पोटरीत होती. आता पितर जेवून गेले होते, घट बसायला आले होते, गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि आत्ता कुठे तालुक्याहून माणूस आला होता. मधल्या काळात लढाईच्या फंडासाठी मात्र कचेरीची माणसं येऊन गेली होती. तेव्हा ती चावडीवर चहा पिऊन बसली होती आणि नदीकाठाकडे बघायलाही उठली नव्हती. गावाला सगळ्यात जास्त लागलं होतं ते हे.

रूपीबाई ढिगापासून लांब, भिंतीच्या सावलीत उकिडवी बसली होती. तिच्याजवळ टोपली नव्हती. भिलाटीतल्या, म्हणजे नदीकाठच्या भिलांच्या वस्तीतल्या, कोणाकडेच नव्हती. गाळ उपसायला आधी घर लागतं.

ती भिलाटीची सुईण. सगळी तिला याहा म्हणत, म्हणजे आई. भिलाटीत साठीच्या आतलं जे कोणी होतं, ते बहुतेक तिच्याच हातात आलेलं. गावातल्या गुजर-पाटलांच्या घरीही अडलं की तिला बोलावणं येई. मागच्या दाराने का होईना, येई. पुरानंतर मात्र ती फारशी बोलत नव्हती, आणि कोणी तिला बोलायला लावतही नव्हतं.

साहेब काटकुळा होता. भर उन्हात त्याने गळ्याला मफलर गुंडाळला होता; हिवतापाने तो मधूनमधून कापत होता. सकाळपासून त्याने गावातली पडकी घरं फिरून पाहिली होती. पडलेल्या प्रत्येक घरामागे जंगलखात्याचे बांबू आणि सागाचे वासे फुकट मिळणार होते. गावाच्या घरांना दगडी जोती होती. भिंती बसल्या, छपरं गेली, पण जोती जागच्या जागी होती, त्यामुळे त्यांचं काम सरळ झालं. दुपार कलली तशी साहेबाने गाडी जुंपायला सांगितली.

गिरधर पाटील ओट्याच्या पायरीवर उभा होता. तिशी ओलांडलेला, खादीची टोपी घालणारा, बोलायला लागला की कानशिलं लाल होणारा. त्याने विचारलं, "अन् भिलाटी, सायेब?"

साहेब म्हणाला की तो तिकडेही जाऊन आला. नदीच्या वळणावर सपाट गाळ आहे, दुसरं काही नाही. वरून आलेला हुकूम स्पष्ट होता: जमिनीवर घराचं चिन्ह दिसलं पाहिजे. खालच्या अंगाला एका गावाने मोकळ्या जागेला घरं म्हणून दाखवलं होतं आणि तिथे गेलेल्या कारकुनाची बढती त्यात अडकली होती. "जोतं दाखवा, मी घर लिहितो," तो म्हणाला.

"कूडना घरले जोतं कोठून ऱ्हाई? जमीन सारवी, कूड उभा करा, व्हयनं घर."

"मग मी काय लिहू, पाटील? पाण्याने काय नेलं ते पाण्यालाच माहीत."

साहेब हे चिडून म्हणाला नव्हता. त्याच्या डोक्यात कळा येत होत्या आणि त्याला घरी जायचं होतं. पण ते वाक्य ढिगापर्यंत गेलं आणि तिथून पुढे गेलं. टोपल्या थांबल्या. गाडीवाला बैल घेऊन आला तेव्हा जुवाच्या चारही शिवळा कोणीतरी काढून नेलेल्या. शिवळांवाचून बैलांची मान जुवात राहत नाही. गाडी गाडीच्या जागी आणि साहेब साहेबाच्या. "कोन्ही लिध्यात रे?" असं गाडीवाल्याने चार वेळा विचारलं, आणि चारी वेळा लोक आभाळाकडे बघत राहिले.

त्या शांततेत होळ्या गिरधरच्या कानाशी लागला. होळ्या भिलाटीचा कारभारी, चाळिशीचा, कधी कोणापुढे आवाज न चढवणारा. तो काय बोलला ते रूपीबाईला ऐकू आलं नाही. फक्त गिरधरचा चेहरा उजळलेला तिने पाहिला.

गिरधरने साहेबाला सांगितलं ते असं: भिलाच्या घरात मूल जन्मलं की त्याची नाळ बोळक्यात घालून दाराच्या आत, उजव्या अंगाला, कोपरभर खोल पुरतात. वर नदीतला चपटा दगड ठेवतात. पाण्याने वरचं सारं नेलं, उलट गाळ आणून टाकला. पण कोपरभर खालचं तसंच असणार. प्रत्येक दाराशी एक तरी बोळकं आहे आणि ते कुठे आहे हे सुईणीला माहीत आहे.

तो वाईट माणूस नव्हता; त्याला धरायला काहीतरी हवं होतं आणि ते मिळालं होतं. "बोळकं निघालं की ते घर," तो म्हणाला. "एकेक दाखवा. मी एकेक लिहितो."

पुरानंतर गाव पहिल्यांदा हललं. रतिलाल दुकानदार म्हातारा होता आणि त्याला बोलायला कोणाची परवानगी लागत नसे. तो म्हणाला, "सरकारनी नाळ विलायतमा पुरेल शे ना भो, म्हनीसन त्यान्हा पाय आठे वळत नहीत." लोक हसले. साहेबही थोडा हसला. सगळे नदीकडे निघाले, गुजराच्या बाया, भिलाटीच्या बाया, पोरंसोरं, मागून मफलरवाला साहेब.

रूपीबाईला कोणी विचारलं नव्हतं.

*

भिलाटीची जागा म्हणजे आता राखाडी गाळाचं एक शेत होतं. नदीने वळण बदललं होतं, काठ खाल्ला होता, करंज आणि निंब मुळासकट नेले होते. होळ्याने आणि भिलाटीतल्याच तरण्या रेंग्याने मागच्या आठवड्यात चार ठिकाणी खणून पाहिलं होतं. चुली मातीच्या, त्या विरघळल्या होत्या. खांब उपटून गेले होते आणि त्यांच्या खड्ड्यांत तोच गाळ भरला होता. आपलं दार नेमकं कुठे होतं हे कोणालाच छातीवर हात ठेवून सांगता येईना. फक्त टेकाडावरची जुनी चिंच उभी होती.

रूपीबाईला मात्र सांगता आलं असतं. बाळंतपणाचं बोलावणं वेळ बघून येत नाही. ती घरांच्या त्या ओळीतून अंधारात, पावसात, झोपेत चालली होती. चिंचेकडे पाठ केली आणि सातपुड्याची खिंड दोन डोळ्यांच्या मध्ये धरली, की कुठल्या दाराला किती डावीकडे वळायचं हे तिच्या पायांना ठाऊक होतं.

गिरधरने कुदळ पुढे केली. "याहा, दखाड."

तिने कुदळ घेतली नाही. "नही," ती म्हणाली.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. गिरधरने पुन्हा समजावलं. ती पुन्हा तेच म्हणाली, आणि मग भिलीत होळ्याशी बोलली, कारण गिरधरशी ते बोलण्यासारखं नव्हतं. नाळ जमिनीत स्वस्थ आहे तोवर माणसाचे पाय त्याला घरी आणतात. कामाला कुठेही जावो, गुजरातेत जावो, माणूस परत येतो. ती काढली की त्याला ओढ राहत नाही. मूल असेल तर झुरतं, मोठा असेल तर भटकतो. तिच्या सासूने तिला हे सांगितलं होतं आणि पुरताना प्रत्येक आईला तिने शब्द दिला होता की इथे कोणाचा हात लागणार नाही.

होळ्या म्हणाला, थंडी तोंडावर आली आहे. म्हणाला, यंदा छप्पर झालं नाही तर अर्धी भिलाटी गुजरातेत जाईल आणि परत यायला इथे काही नसेल. हे तो हळू आवाजात, खाली बघून म्हणाला. रेंग्या मात्र खाली बघत नव्हता. तो म्हणाला की सरकारने नाही म्हटलं ते एक झालं, आता घरच्या म्हातारीनेही नाही म्हणावं.

गर्दीचा राग सकाळपासून एका माणसाकडे तोंड करून उभा होता. आता त्याने तोंड फिरवलं. गजराबाई पाटलीण, गिरधरची चुलती, जिची दोन बाळंतपणं रूपीबाईने केली होती, ती पुढे येऊन म्हणाली, "पोरं उघडामा मरतीन, ते चाली का तुले? मोठी नेमवाली."

रूपीबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. भिलाटीच्या बायांकडे पाहिलं.

"कोन्ही नाळ काढू?" तिने विचारलं. "नाव सांगा."

खणा म्हणणारे सगळे होते, पण नाव कोणी घेईना. रेंग्याच्या बायकोने कडेवरची पोर दुसऱ्या बाजूला घेतली, साहेबापासून लांब, आणि पोट सावरत एक पाऊल मागे सरली. तिला आठवा लागला होता. दुसरीने पोराच्या डोक्यावर पदर ओढला. जो तो शेजारच्याकडे बघत होता आणि शेजारचा नदीकडे.

होळ्याच पुढे झाला. "मन्ही काढ, याहा. मी मोठा मानूस, माले काय व्हनार शे."

"तू जित्ता शे, होळ्या," ती म्हणाली. "जित्ता मानूसनी नाळ मी काढनार नही."

पुराने आणून टाकलेल्या एका ओंडक्यावर साहेब बसला होता. त्याने घाम पुसला आणि सौम्यपणे सांगितलं की उजेड कमी होत चालला आहे. काही दाखवायचं नसेल तर त्याला निघावं लागेल. तो पुन्हा येईल असं तो म्हणाला नाही. तसं म्हणणं खोटं ठरलं असतं.

रूपीबाई पुढे आली. मग तिने गिरधरच्या हातातली कुदळ घेतली. देताना गिरधरने मान खाली घातली, आणि का घातली ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

भिलाटीतून पुराने एकच माणूस नेलं होतं: सोमी, रूपीबाईची मुलगी. काडीमोड घेऊन आईकडे आलेली, गिरधरच्या शेतात सालाने कामाला असलेली. तोरणमाळाकडे पाऊस कोसळला की गोमाई इथे आभाळ कोरडं असतानाही वाढते. लोक टेकाडावर चढले तेव्हा सोमी अर्ध्यातून वळली, कारण नदीकाठच्या गोठ्यात पाटलाचे बैल बांधलेले होते. तिने दावी सोडली. बैल पोहत वर आले. नंतर माणसं नदीच्या खालच्या अंगाला प्रकाशा गावापर्यंत दोन्ही काठ बघत गेली, पण काही सापडलं नाही. त्यामुळे जाळायला काही नव्हतं, आणि जाळलं नाही म्हणून रडायलाही कोणी आलं नव्हतं. गिरधर तेव्हापासून तालुक्याला अर्ज करत होता, माणसं जमवत होता, भाषणं करत होता. रूपीबाईच्या दारी तो एकदाही आला नव्हता. तसं दारही कुठे उरलं होतं म्हणा.

तिने चिंचेकडे पाठ केली. सातपुड्याची खिंड समोर धरली आणि चालायला लागली. गाळावरचे पापुद्रे तिच्या पायाखाली मोडत होते. एका जागी थांबली, पायाने चाचपल्यासारखं केलं, अर्धं पाऊल डावीकडे सरली आणि खाली बसून खणायला लागली. होळ्या मदतीला वाकला, त्याला तिने हाताने मागे सारलं.

वरचा गाळ हलका होता, ढेकळांनी निघाला. मग काळी माती लागली. मग सारवणाचा थर, बोटाएवढा जाड, वर्षानुवर्षं एकावर एक चढलेला. कडेला त्याचे पदर मोजता आले असते. त्याच्या खाली तिने कुदळ ठेवली आणि हातांनी उकरायला सुरुवात केली.

सोमी जन्मली त्या वेळी भिलाटीत दुसरी सुईण नव्हती. रूपीबाई स्वतःच स्वतःची सुईण झाली होती. ओठ दातांत धरून नाळ कापली, बोळकं लिंपलं, आणि नवरा कामावरून यायच्या आत इथे पुरलं. बाकी सगळ्यांची तिने त्यांच्या आयांसाठी पुरली होती. ही एकच स्वतःसाठी. पुरानंतर तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण ती रोज या बाजूला येऊन बसत होती. सोमीचं काहीतरी अजून या जमिनीत होतं, आणि ते कुठे आहे हे तिला माहीत होतं. एवढ्यावर तिचे दिवस निघत होते.

दगड लागला. तो तिने उचलून बाजूला ठेवला. बोळकं एका बाजूने चिरलं होतं, पण अख्खं निघालं. तिने त्याच्यावरची माती पदराने पुसली आणि ते ओंजळीत धरून उभी राहिली.

साहेब जवळ आला. त्याने हात लावला नाही. "कोणाची?" त्याने विचारलं.

"मन्ही आंडेरनी."

"मुलगी कुठे आहे?"

रूपीबाईने हनुवटीने नदीकडे दाखवलं.

साहेबाने मफलर सैल केला. त्याने लिहून घेतलं. मग विचारलं, "बाकीची?"

"बाकीना जित्ता शेतस," ती म्हणाली.

गिरधर मध्ये पडला. एक दार मिळालं, तर त्यावरून पुढची ओळ सहज सांगता येईल, म्हातारी बोटाने दाखवेल, खणायची गरज नाही. साहेबाने मान हलवली. बोटाने दाखवलेलं तो लिहू शकत नव्हता. एका बोळक्यावर एक घर. हे सांगताना तो गिरधरकडे न बघता कुदळीकडे बघत होता.

"मंग गाडी बी आठेच ऱ्हाई," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि त्या आवाजात सकाळची मस्करी उरली नव्हती. रेंग्या आणि आणखी दोघं साहेबाच्या वाटेत येऊन उभे राहिले.

"शिवळा दी टाका त्यान्ह्या," रूपीबाई म्हणाली.

रेंग्या पाय रोवून होता, ती त्याच्यापुढे गेली.

"वाट मोकळी करा. माले मन्ही आंडेरले लई जानं शे."

आधी ते कोणाला कळलं नाही. ती बोळकं घेऊन चालायला लागली, मसणवटीच्या बाजूला, तेव्हा कळलं. होळ्या डोक्यावरचं मुंडासं काढून तिच्या मागे निघाला. मग भिलाटी निघाली. मग गजराबाईने पदर कपाळावर ओढला आणि ती निघाली, आणि तिच्यामागे गाव. भिलाच्या मयताला गाव असं कधी गेलं नव्हतं. नदीने आणलेल्या लाकडांची लहानशी चिता रचली, लहान मुलाची रचतात तेवढीच. मागे चावडीपाशी गाडीवाल्याला शिवळा गाळाच्या ढिगावर टाकलेल्या सापडल्या. त्याने गाडी जुंपली, पण साहेबाने हात वर करून त्याला थांबवलं, आणि धूर दिसेनासा होईपर्यंत तो गाडीत न चढता उभाच राहिला.

*

बांबू कार्तिकात आले. तळोद्याच्या डेपोतून गिरधरनेच आपल्या गाडीवर आणले, एका घराचे. भिलाटी तोवर टेकाडावर चिंचेच्या आसपास कपाशीच्या पळाट्यांचे आडोसे करून राहत होती. गिरधर गाडीवरून उतरला आणि पहिल्यांदाच रूपीबाईच्या आडोशाशी येऊन उभा राहिला. घर कुठे उभं करायचं, त्याने विचारलं; तो आणि त्याची माणसं दोन दिवसांत बांधून देतील. तिने त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

मग तिने होळ्याला एक बांबू उचलायला लावला. दोघं खाली गाळावर गेली. चिंचेकडे पाठ, खिंड समोर. ती चालली, थांबली, टाच रोवली.

"आठे रोव," ती म्हणाली. "हाई तुन्हं."

होळ्याने बांबू रोवला, पायाने माती दाबली. तो परत गेला आणि दुसरा घेऊन आला. तो रेंग्याच्या दाराशी रोवला. मग रेंग्या आला, मग सगळेच. ज्याचं दार, त्याने आपल्या हाताने रोवायचं, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण तसं झालं. बोळकं कोणाचंच काढायचं नव्हतं. काही बांबू तिने आधीच बाजूला काढून ठेवले होते. रेंग्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, तिचा आडोसा पक्का करायला ते लागणार होते.

उन्हं उतरली तेव्हा राखाडी गाळावर बांबूंची एक ओळ उभी होती, जुन्या भिलाटीसारखीच थोडी वाकडी, मध्ये जिथे बोळ होता तिथे रुंद. वरच्या वाटेवरून ती लांबून दिसत होती. ब्राह्मणपुरीहून परतणारी एक गाडी थांबली, आणि गाडीतल्या माणसाने ओरडून विचारलं की हे कसले बांबू रोवले. गिरधर उत्तर द्यायला उठला होता, पण त्याच्या आधी रेंग्याच म्हणाला, "घरं शेतस."

होळ्या शेवटचा बांबू घेऊन उभा होता. "अन् तुन्हं, याहा?"

"मन्हं लिखेल शे," ती म्हणाली.

तो बांबू तिने रेंग्याच्या आडोशाकडे न्यायला लावला. सगळे टेकाडावर चढले तशी ती एकटी त्या खणलेल्या खड्ड्याशी बसली. कडेची माती आत लोटली, ढेकळं फोडली, तळव्याने दाबून सारखी केली. लोट्यातलं पाणी शिंपडलं. मग उजवा हात सपाट धरून ती सारवल्यासारखा फिरवू लागली, एकमेकांत अडकणारी अर्धवर्तुळं काढत, दारापासून आतल्या बाजूला, मागे सरकत सरकत, आणि जिथे भिंत होती तिथे आल्यावर तिचा हात थांबला.